येळवशीचा स्क्रीनसेव्हर

निलंग्यात आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर
टेबलासकट टमटममधून उतरला.
वर मुजीबनं एक सीडी दिली,
"फुकटय, काकू. सणासणाचे पडदे हाइत त्यात."

मग पंधरा इंची काचेत
भर चैतात दिवाळी लागली.
पणत्यांची वात हलायची
दर नवव्या सेकंदाला, अगदी तशीच.
अण्णांनी मोजलेलं. पोस्टात होते, मोजायची सवय.
एका पडद्यावर बर्फ पडायचा.
तो बघत शेजारची नागरबाई
दळणाचा डबा डोक्यावर तसाच ठेवून उभी,
"हात नका लावू रे त्या उंदराला, इझंल."

अट तेवढीच.
पाच मिनिटं घरानं गप बसायचं,
मग सण येणार.
आमच्या घरात पाच मिनिटं
कोण गप बसतंय?

सीडीत सत्तावीस सण.
डोळे कोरलेला भोपळा, त्याचं नाव कुणाला वाचता येईना.
ईदचा चंद्र होता, मुजीबच्या मते फार जाड.
येळवस नव्हती.

शिवलीला आठवीत. आधी रुसली,
मग तीन रात्री बसून पेंटमध्ये काढली:
कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड,
बिंदग्यात आंबील,
आंबिलीवर एक लाल मिरची. का, ते कुणी विचारलं नाही.
भज्जीचा हिरवा मात्र सापडेना.
अठ्ठेचाळीस रंगांत तो नव्हताच.
पडद्यावर चित्र लावायला कुठं दाबायचं
ते मुजीबनं फोनवर सांगितलं.

अवसेला सकाळी सातला
सगळं निलंगं रानाकडं निघालं.
गल्लीत कुलपं आणि एक आंधळी कुत्री.
तिनं कॉम्प्युटर चालूच ठेवला.
"बिल?" अण्णा म्हणाले.
पुढं काही बोलले नाहीत.

दुपारी ज्वारीत आंबील शिंपडताना
ती मधेच थांबली,
घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत म्हणाली,
"आत्ता चालू असंल."

सातला परत आलो तर लाइट गेलेली.
काच काळी.
अण्णांनी अंधारातच डब्याच्या पाठीवर
तळहात ठेवला, तापाच्या पोराला लावावा तसा.
"कोमटय. गेली असंल साडेसहाला.
म्हणजे साडेअकरा तास, पाच मिनिटं कमी."

शिवलीलानं बिंदगं खाली उतरवलं.
तळाला पेलाभर आंबील उरली होती.
मुजीबसाठी म्हणून
तिनं ती झाकून ठेवली.