कौल

थंड असली की पहिल्या किल्लीला उठते.
बंदरावर जाऊन मासळी घेऊन परत यावं,
तर वीस मिनिटं नुसतं घर्रघर्र,
आणि पिशवीतल्या बांगड्यांवर मात करणारा
पेट्रोलचा वास.

पास्कूने डिपस्टिक ओढली, नाकाशी धरली,
बांगडा ताजा का, ते बघावं तशी.
"ऑइलाक वास येता," एवढंच म्हणाला.

मी पंप म्हणत होतो, कॉइल म्हणत होतो,
वेंगुर्ल्यातल्या तीन गॅरेजांची बिलं म्हणत होतो.
प्लग निघाले : तीन विटकरी,
एक काजळलेला, ओला.
गेज लावून त्याने इंजिन बंद केलं.
काटा ओहोटीसारखा,
कुणाला न सांगता उतरत गेला.

मग रेल उचलली, इंजेक्टरांसकट,
खाली चार मंगलोरी कौलं मांडली,
विडीवाल्यांना अडवायला पोरगं दारात,
आणि किल्ली फिरवली, फक्त अर्धी.

आई सातेरीपुढे अशीच बसते,
पाकळी कुठल्या बाजूची सुटते ते बघत.
मी हसायचो.
आता मीही श्वास धरून, उकिडवा,
एस्टीमच्या पोटाकडे बघत.

पहिला कोरडा. दुसरा. चौथा.
तिसऱ्याच्या टोकाशी काहीतरी चमकलं,
फुगलं, लोंबलं,
टप्.

"नवो कोल्हापुरसून हाडूचो लागतलो,"
पास्कू हात पुसत म्हणाला.
मी कौलाकडे बघत राहिलो.
डाग कडेकडेने आटत आला, मग गेलाच.
कौल पुन्हा लाल, कोरडं,
साक्ष फिरवलेल्या माणसासारखं.