ऐंशी गेले, वीस आले

उदगीरला, आयटीआयच्या मागच्या गल्लीत,
गयासोद्दीन सरांच्या गच्चीवर डायपोल ताणलेला.
एक टोक पाण्याच्या टाकीला,
दुसरं शेजाऱ्याच्या लिंबाला, त्याला विचारून.

मीटरात दोन काटे:
किती गेलं, किती परत आलं.
"ऐंशी गेले," मी म्हणते, "वीस आले."
सरांना ऐकू येत नाही आता.
ते माझ्या ओठांकडे बघतात, मग लिंबाकडे.
"म्हणजे एसडब्ल्यूआर तीन. घाबरायलीस काय?
जा, कासरा आण."

शेजारच्या म्हशीचा कासरा खिडकीच्या गजाला बांधून
त्यांनी मनगटानं एक झटका दिला.
उंचवटा पळत गेला, गजाला थडकला,
पालथा होऊन मुठीत परत आला.
मूठ घट्ट होती. तिथंही मुरला नाही.
पुन्हा गेला. पुन्हा आला,
जरा बुटका होऊन.

"परत आलेलं सेट जाळतं, म्हणायलेत सगळे.
जाळतं कधीमधी, नाही असं नाही.
पण बरंचसं दारावर आपटून पुन्हा वाटेला लागतं.
मरतं ते वाटेत,
केबलला ऊब देण्यात."

लायसनची परीक्षा पास झाले तेव्हा
पाकिटात पाचशे घालून जुनेदच्या हाती पाठवले.
संध्याकाळी पाकीट माघारी.
मी पुन्हा पाठवलं. सरांनी पुन्हा.
शेवटी मोजले तर चारशे चाळीस.
"चहा, मॅडम," जुनेद म्हणाला,
"आणि एकदा खारी."

मी सरांना हिशेब सांगितला.
इतके हसले की ठसका लागला.
मग म्हणाले, "आता मात्र दे इकडं."

कनेक्टर उघडला. आत श्रावणापासूनचं पाणी,
तांब्यावर शेवाळासारखा हिरवा थर.
नवा आणला, चांगली केबल आणली, टेप आणली,
डाग देताना सरांचा हात थरथरला, माझा नाही.
दोन्हीकडून चार-चार बोटं तार कापली.

"ऐंशी गेले," मी म्हटलं.
"अन्?"
दुसरा काटा पडल्या जागचा उठेना.
मी नुसती मान हलवली.
"कुणीतरी घेतलं मग," सर म्हणाले,
आणि स्पीकरच्या पडद्यावर दोन बोटं ठेवली,
नाडी बघावी तशी.
बराच वेळ काही नाही.
मग त्यांची करंगळी हळूच ताल धरू लागली:
कट्ट, कड, कट्ट.

पाकिटात वीस उरले होते.
ते जुनेदला दिले.