वास तू सांग

साईकिरणने गोव्याच्या हॉटेलातून आणल्या
उघडलेल्या, अर्ध्यामुर्ध्या पाच बाटल्या,
टॉवेलात गुंडाळून, एसटीच्या रॅकवर आडव्या.
सोबत चिठ्ठी : पांढरी आधी, मग लाल, गोड शेवटी.
मल्लेशम गुंडलांनी चिठ्ठीची घडी घातली,
गच्चीवरच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.
"लग्नात जिलबी आधी वाढतात, शिवलीला. ओत."

कन्ना चौकाच्या मागे मे महिन्याची रात्र.
शिंपडलेलं पाणी फरशीला लागायच्या आत नाहीसं.
खाली कुणाचा तरी लूम अजून चालू.
स्टीलचे पेले त्यांनी परत पाठवले,
रंग दिसला पाहिजे.
मग चहाचे काचेचे ग्लास.

एकतीस वर्षं ते रंगखात्यात मास्टर,
मी त्यांच्या हाताखाली शेडकार्डं लावायचे.
हायड्रोच्या वाफांनी त्यांचं नाक केव्हाच नेलं;
गॅस गळला तरी सुनेने येऊन सांगावं लागतं.
म्हणून करार : रंग मी सांगतो, वास तू सांग.
आणि मी फक्त हुंगणार, पिणार नाही,
हा करार माझा माझ्याशी.

पोर्ट.
"मरून. दोन टक्क्यांचा. कडेला तपकिरी फुटलाय."
मी म्हटलं, बेदाणा, पत्र्यावर विसरलेला.
गुळाच्या ढेपेचा पोत्याला चिकटलेला तळ.
आणि मागून स्पिरिटचा बोळा, सुई टोचायच्या आधीचा.
त्यांनी घोट गालात फिरवला.
"हे औषध आहे," म्हणाले,
आणि अजून थोडं मागितलं.

शेरीला त्यांच्या हिशेबात रंगच नाही :
"धुतल्या सुताचं तिसरं पाणी."
पण मला, शप्पथ, भाजक्या शेंगा आल्या.
शेंगाही नव्हेत, तळहातावर चोळून
फुंकर मारल्यावर उडतात ती लाल सालं.
ताटातली चटणीची वाटी मी लगेच झाकली,
तिच्यापुढे काहीच टिकलं नसतं.

गुलाबीवरून आमचं भांडण झालं.
ते म्हणाले, भ्यालेला रंग, अख्खा लॉट परत आला असता.
मला आवडली. कलिंगडाची सालीजवळची फोड.
असो.

शिराज नाशिककडची. इथे माझा करार मोडला.
जांभूळ, मिरे, पाणी मारलेला कोळसा,
आणि अजून एक काहीतरी,
नाकाच्या चिमटीत येता येता निसटणारं.
म्हणून जीभ लावली.
गालाच्या आतून कुणी दोरा ओढून घेतल्यासारखं झालं.
"काय गं?"
"तुरट."
"कसं तुरट? सुपारीचं की हिरड्याचं?"
"हिरड्याचं."
मांडीवर थाप मारून हसले.
"मग हा धरणार! हिरड्यात सूत भिजव, वर तुरटी दे,
त्याशिवाय जुना लाल सुताला धरायचाच नाही.
जिभेचंही तसंच असणार."
ग्लास बल्बसमोर धरून
कितीतरी वेळ फिरवत राहिले.
"बागुंदी," स्वतःशीच.

पाचवीचं नाव मला वाचता आलं नाही. फ्रेंच.
आधी ढोबळी मिरची, मग पेन्सिल तासल्याचा भुगा.
आणि ग्लास रिकामा झाल्यावर, उशिरा,
ओल्या सुताच्या गाठी,
आपल्या गोदामातल्या, सकाळी शटर वर केल्या केल्या.
हे मी बोलून गेले.
त्यांनी माझ्या हातून ग्लास घेतला,
नाक आत घातलं,
डोळे मिटून ओढला श्वास, दोनदा.
लूम थांबला होता तोवर.
"नाही," म्हणाले, आणि ग्लास पालथा ठेवला.

सकाळी सातला फोन.
"रात्री पांढऱ्या पॉपलिनवर पाची थेंब टाकून ठेवले होते.
आत्ता साबण लावला.
तुझा धरणारा लाल निळा पडला. कच्चा."
"आणि पोर्ट?"
"त्याला मुंग्या लागल्यात. तेवढा कोपरा धुतला नाही.
त्यांचं होऊ दे."