चावीवाला

पहाटे पावणेचारला, असल्फ्याच्या टेकडीखाली
धुरी लोखंडी झाकण उचलतो,
छातीएवढी चावी खड्ड्यात उतरवतो,
आटे मोजतो. अठरा. एकोणीस.

सव्वीस वर्षं हेच. दिवाळीला बोनस,
एकदा कुणीतरी हातावर ठेवलेला नारळ.
एवढ्यासाठी उठतोस? मी विचारलं.

त्याने नुसतं बोट वर केलं. ऐक.

पाइपात आधी वारा खाकरला,
मग फार वर, कुठल्याशा दारात
रिकाम्या कळशीच्या बुडावर
पहिली धार वाजली.

‘तिसरी गल्ली. पितळेची आहे.’

घरी बायको हल्ली बोलत नाही.
तरी निघताना तो
तिचा हंडा नळाखाली सरळ करून येतो.
त्यांच्याकडे पाणी सहाला येतं,
दुसऱ्याच कुणाच्या हातून.