कागदातली चीर

तीन रविवार झाले, माझा बाण
वाटेत विचार बदलतो.
निघतो नीट, मग शेपूट हलवत
पोत्यांच्या डाव्या कडेला, नाहीतर
सुतारवाडीच्या बाभळीत.

शांतवन भालेराव काही बोलत नाहीत.
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं
दुसऱ्यांच्या मापातली चूक शोधली त्यांनी,
शतांश मिलिमीटरमध्ये.
बाण बोटांवर गरागरा फिरवतात, डोळ्याशी धरतात,
खाच नखाने चाचपतात,
प्रत्यंचेवरची गाठ सुतभर वर सरकवतात.
"सोडा."
बाभूळ.

मग पिसं उपटतात. तिन्ही.
"पिसं चूक सावरून घेतात. उघड्या बाणाला
ते जमत नाही."

चौकटीत वर्तमानपत्राचं पान, छोट्या जाहिरातींचं:
वधू पाहिजे, शिपाई पाहिजे, बुधवारात गाळा देणे आहे.
सहा पावलांवरून मी सोडते.
टर्र.
टोकाचं भोक गोल, आणि त्याच्या डावीकडे
दोन बोटं लांब चीर.
"मऊ आहे बाण," मी वाचलेलं सांगते.
"पुन्हा."
आता चीर उजवीकडे.
तिसरी तिरपी, शिपायाच्या पगारातून.

ते चष्मा पुसतात.
"बाण वाईट असता ना, तर एकसारखा वाईट असता.
रोज तीच चूक. सामान इमानदार असतं.
ही दर वेळी नवी आहे. म्हणजे तुमची."

यानंतर बाणाकडे बघतच नाहीत.
माझं कोपर. हनुवटी. दोरीवरची तीन बोटं.
"डावा हात."
दोरी सुटते त्याच क्षणी मूठ मिटते म्हणे,
कचकन. मला पत्ताच नाही.
"गाडी कोणती तुमची?"
"स्कूटर. कर्वे रोडने, बावीस वर्षं."
"मग बरोबर. मागचा ब्रेक डावीकडे."

खाली बसतात, स्वतःच्या बुटाची नाडी काढतात,
धनुष्याच्या पुढून
माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला बांधतात.
"पडू दे. नाडी धरेल.
तुम्ही धरायचं नाही."

सांगायला काय जातं.
दहा बाण मी न धरण्याचा
घट्ट प्रयत्न केला.
अकराव्याला टिटवी ओरडली, लक्ष गेलं,
आणि धनुष्य हातातून निसटून
नाडीवर झुललं.

कागदात एकच भोक. चीर नाही.
बुधवारातल्या गाळ्याचं "देणे" तेवढं गेलं होतं.

"हं," म्हणाले भालेराव,
आणि एक बूट फटक फटक वाजवत
बाभळीतले बाण आणायला गेले.

चांदणी चौकाच्या उतारावर
डावा ब्रेक दाबला तेव्हा दिसलं,
नाडी माझ्याच बोटाला होती.