कशावरून

हिद्दच्या टोकाला, जिथं नऊ वर्षांपूर्वी
नकाशात निळा रंग होता,
शौकत पांगारकर दोरीला गाठी मारतो.
बारा गाठी, सारखी अंतरं, शेवट सुरुवातीला जोडलेला.
तीन इकडे, चार तिकडे, पाच तिरपे.
खुंटी ठोकली की गोदामाचा कोपरा जन्माला येतो.

बावीस वर्षं. मनामा, रिफा, सित्रा.
त्याच्या काटकोनांत माणसं झोपतात, तांदूळ साठवतात,
नमाजाच्या चटया भिंतीला समांतर अंथरतात.

आज दुपारच्या सक्तीच्या सुट्टीत
डब्याला लागलेली सुकटीची चटणी बोटाने पुसत म्हणाला,
"सायब, ह्या खरा कशावरून?"

मी म्हटलं, तुझ्या बापाने शिकवलं ना?
"बापान तर ह्याव पन सांगलान,
अवसेला बांगडा गावत नाय. गावतो."

बावीस वर्षांत कधी चुकलं का?
"एकदा चुकला. मुहर्रकला. भिंत तिरकी गेली."
मग?
"मग दोरी बदलली. दमट हवेत ताणली होती."
आणि तीन-चार-पाच?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
"त्या कसा बदलनार?"

इथं मी अडकलो.
भरतीचं कोष्टक चुकलं तर कोष्टक बदलतात,
इथे मात्र दोरी चुकते, हवा चुकते, माणूस चुकतो.
कुणी दिला पाचाला हा मान?
पाच खिळे टोचतात.
नुसतं पाच कधी कुणाला टोचलंय?

या जमिनीत आम्ही खांब उतरवतो.
भराव, शिंपले, गाळ, पुन्हा शिंपले,
अठरा मीटरवर खडक लागला की थांबतो.
खडकाखाली काय, हा रकाना अहवालात नसतो.
असता तर एकही इमारत झाली नसती.
माझ्यातही पाढे असेच उतरवलेले,
सतरा साते एकोणीसासे,
घोकून घोकून, काहीतरी टणक लागेपर्यंत.

सिद्धता मला येत होती.
दहावीत, चिपळूणला, फळ्यावर, न अडखळता.
आता पावती हरवलीय;
पैसे भरल्याचं तेवढं आठवतं.
खिडकीमागचा कारकून असलं ऐकून घेत नाही.
माझ्या इथल्या असण्यालाही
मुदत संपली की नवं कार्ड लागतं.

मग सळईच्या तुकड्याने भरावाच्या वाळूत
सात बाय सातचा चौरस काढला.
चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, तीन-चारचे,
प्रत्येकी सहा.
एकोणपन्नासातून चोवीस गेले.
मधे तिरपा चौरस उरला, पंचवीसचा.
बाजू पाच.
भर ऑगस्टात अंगावर काटा आला.
कुणी सांगितलं नव्हतं, आठवलंही नव्हतं,
दिसलं,
आणि एकदा दिसल्यावर न दिसणं जमेना.

शौकत उकिडवा बसला.
एकेका त्रिकोणावर बोट ठेवून सहा-सहा मोजले,
मान डोलावली. जिंकलो, असं मला वाटलं.
मग हळूच म्हणाला,
"तुमी कोपरा धरलात नि पाच काढलात.
मी पाच धरतो नि कोपरा काढतो.
गेली ती वाट नि आयली ती वाट
एकच, ह्या कशावरून?"

भोंगा वाजला.
खारट वाऱ्याने चौरसाची एक बाजू नेली.
सळई हातात धरून मी उभा,
सहा वर्षं परतीचं तिकीट पुढे ढकलत आलेला माणूस.

त्याने दोरी उचलली, ओल लागलीय का चाचपलं,
खुंट्यांभोवती ताणली.
गाठ गाठीवर बसली. नेहमीसारखी.
"बसली," तो म्हणाला,
आणि वळून माझ्याकडे पाहिलं,
उत्तराची वाट बघत.