पस्तीस मिलिमीटर

वडूजच्या उपविभागात मी मोजमापं लिहितो.
खडीचा थर पंच्याहत्तर मिलिमीटर
असं एस्टिमेट म्हणतं, मोजमाप पुस्तकही म्हणतं,
खाली सही माझी,
हिरव्या नव्हे, साध्या निळ्या शाईत.

शेरेवस्तीच्या रस्त्यात टेप उभी धरली तेव्हा
चाळीस भरले.
इलाही शिपाई म्हणाला, "उन्हानं टेप वाढली असंल, साहेब."
दोघंही हसलो.

उरलेले पस्तीस कुठं गेले
हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे,
पण चोरी म्हणून नाही.
थोडे औंधच्या यात्रेला सोडलेल्या फुकट गाड्यांत,
थोडे बेंदराला वाटलेल्या झुलींत,
थोडे तान्हूबाई लोखंडेच्या डायलिसिसला.
थोडे कुठं, ते मात्र कुणी विचारत नाही.
अख्ख्या तालुक्याचे दाजी.
कुणाच्या बहिणीचे, तेही नाही.
दहाव्याला येतात, मातीत बसतात,
मेलेल्याच्या बैलाचं नाव त्यांना पाठ असतं.

श्रावणात त्याच रस्त्यावर बाळंतिणीची गाडी रुतली.
दाजी मागूनच येत होते.
उतरले, विजार गुडघ्यापर्यंत ओढली,
चिखलात उभं राहून खांदा दिला.
फोटो गावभर. मीही पुढं पाठवला.
पोराला नाव त्यांचंच.
खांदा खरा होता, चिखल खरा होता.
खड्डा तेवढा माझ्या पुस्तकात नाही.

निवडणुकीआधी आईला कुकर मिळाला.
शेगडीवर डुगडुगतो, बूड पत्रावळीएवढं.
सवयीनं मी टेप काढली.
"धर्माच्या गाईचे दात मोजतोस व्हय?"
"गाय आपल्याच गोठ्यातली, आई."

ती शिट्ट्या मोजत राहिली.
तिसरी झाल्यावर म्हणाली,
"एका दाखल्यासाठी तुझ्या बापानं
कचेरीत अकरा हेलपाटे घातले.
तवा समदी नियमाची माणसं होती.
एकानं बस म्हटलं न्हाई.
ह्यानं म्हटलं."

याला माझ्याकडं रकाना नाही.

सोमवारी त्याच रस्त्याचं नवं एस्टिमेट आलं.
थर पंच्याहत्तर.
इलाहीनं टोपण काढून पेन पुढं केलं.

दुपारी डबा उघडला.
भात वरून पांढराशुभ्र,
बुडाशी करपलेला.
खाल्ला.